पक्षातला लहान गट मोठा कसा होतो? सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांचे नेहमीचे प्रश्न

कऱ्हाड, वाळवा, तासगाव, खटाव, जत अशा तालुक्यांत कुठल्या ना कुठल्या पक्षाचं काम करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. झेंडा कोणताही असो, प्रश्न सारखेच येतात. सभेला सतरंज्या टाकणाऱ्या, बूथवर दिवसभर बसणाऱ्या माणसाला पक्षाचा निर्णय नेमका कुठं होतो हे कळायलाच हवं, आणि त्या निर्णयात त्याचं मत उमटायला हवं, असं मला मनापासून वाटतं. उत्तरं त्याच भूमिकेतून दिली आहेत.

आमच्या तालुक्यात आम्ही वीस-पंचवीस जणच आहोत. एवढ्यांनी काय होणार?

निर्णय होतो तिथं किती जणांचं मत मोजलं जातं, यावर ते अवलंबून आहे. विधानसभेच्या मतदारयादीत पंचवीस माणसं दिसतही नाहीत. पण नोव्हेंबर 2021 मधली सातारा जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक आठवा. जावळी सोसायटी मतदारसंघात शशिकांत शिंदे यांना 24 मतं पडली आणि प्रतिस्पर्ध्याला 25. मंत्री राहिलेला, त्या वेळी विधान परिषदेवर असलेला नेता एका मतानं पडला.

या मतदारसंघात शेतकरी थेट मत देत नाहीत. प्रत्येक गावची विकास सोसायटी ठराव करून आपला एक प्रतिनिधी पाठवते आणि तोच मत देतो. म्हणजे खरी लढाई मतदानाच्या दिवशी होत नाही. ठराव कुणाच्या नावानं झाला, तिथंच ती बरीचशी संपलेली असते. सोसायटीचे तेरा संचालक असतील, तर सात जणांचं एकमत झालं की तो ठराव तुमचा. अशा दोन-तीन गावांत तुमचे पंचवीस जण नीट विभागलेले असतील, तर जिल्ह्याच्या नेत्याला तुमच्या दारात यावं लागतं.

पक्षातही हेच चालतं. तालुका कार्यकारिणीच्या बैठकीला कागदावर साठ नावं असतात, प्रत्यक्षात वीस येतात, आणि त्यातले आठ चहा झाल्यावर उठतात. उरलेल्या बारा जणांत तुमचे सात असले, तर बैठक तुमची झाली.

गट आणि गटबाजी यात फरक काय?

तुमच्या गटाला काय हवंय हे एका वाक्यात सांगता आलं, आणि त्या वाक्यात कुणा माणसाचं नाव नसलं, तर तो गट. "टेंभू सिंचन योजनेचं पाणी आमच्या पट्ट्यातल्या शेवटच्या गावापर्यंत यावं, हा विषय पक्षानं जाहीरनाम्यात घ्यावा" ही गटाची मागणी झाली. "अमुकरावांना तालुकाध्यक्ष करा" एवढीच मागणी असेल, तर अमुकरावांना पद मिळालं की तुमचं काम संपतं, आणि मग तुमच्याकडं कुणी पाहत नाही.

सुरुवात कुठून करायची?

यादीपासून. भाषणापासून नाही, मेळाव्यापासून नाही, व्हॉट्सॲप ग्रुपपासून तर मुळीच नाही.

आधी पक्षाची घटना मिळवा. नोंदणीकृत प्रत्येक पक्षाला ती निवडणूक आयोगाकडं द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं 29-अ कलम त्यासाठीच आहे. तालुक्यातल्या दहा पदाधिकाऱ्यांना विचारलंत, तर आपल्या पक्षाची घटना वाचलेला एकही सापडत नाही, असा माझा अनुभव आहे. तालुकाध्यक्ष कोण निवडतो, क्रियाशील सभासद कुणाला म्हणायचं, बैठकीची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती (बैठकीला किमान हजेरी) किती, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. त्या पानांवर कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून ती वाचणाऱ्या पाच जणांचा शब्द बैठकीत चालतो.

मग सभासद नोंदणी. नोंदणीची मोहीम लागली की बडे नेते आकडा गाठायच्या मागे असतात. पावतीपुस्तकं वाटली जातात, नावं मतदारयादीवरून उतरवली जातात. तुम्ही असं करू नका. शंभरच नोंदवा, पण बोलावल्यावर येतील असे शंभर. त्यांची नावं, फोन नंबर, गाव, वाडी, कोणत्या बूथला मतदान, दूध कोणत्या डेअरीला घालतात, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, हे सगळं एका वहीत हवं. ती वही गटाकडं असावी, एकट्या माणसाकडं नाही.

कच्ची यादी प्रसिद्ध झाली की हरकतींची मुदत असते. सोसायटी, कारखाना, बँक, सगळीकडं हीच पद्धत. मयत सभासदांची नावं, एकाच घरातली दुबार नावं, वगळलेली नावं त्या मुदतीतच काढायची किंवा घालायची असतात. मुदत संपल्यावर केलेली ओरड कुणी ऐकत नाही, आणि नियमानं ऐकताही येत नाही.

बैठकीत आमचं बोलणं ऐकून घेतात, पण पुढं काहीच होत नाही. असं का?

कारण ते लिहिलं जात नाही. विषयपत्रिकेवर विषय नसेल, तर तुमचं बोलणं चर्चा म्हणून हवेत जातं. "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय" या शेवटच्या ओळीत तुमचा मुद्दा ढकलला गेला, की वेळ संपलेली असते आणि माणसं चप्पल शोधत असतात.

चार गोष्टी करा. विषय लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्या. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवून ठेवा. आणि इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या. चिटणीसपद फार कुणाला नको असतं, कारण त्यात हार-तुरे नाहीत. पण कोणता ठराव कोणत्या शब्दांत मंजूर झाला हे चिटणीसाच्या वहीत असतं, आणि जिल्ह्याकडं तेच जातं. लहान गटानं पहिलं पद मागायचं ते हे. त्या वहीत खोटं मात्र एक अक्षर लिहू नका. एकदा विश्वास गेला की वही हातात असूनही उपयोग नाही.

आमच्या पक्षात अंतर्गत निवडणूक होतच नाही. वरून नाव येतं. मग काय?

ही आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण, आणि ती एका पक्षाची नाही. निरीक्षक येतात, सर्किट हाऊसवर मतं जाणून घेतात, आणि नाव मुंबईहून किंवा दिल्लीहून जाहीर होतं. तिथं बहुमताला किंमत नसते. पक्षाला तुमची गरज किती, एवढंच पाहिलं जातं.

ती गरज नाजूक क्षणी दिसते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत 2018 मध्ये 78 पैकी 41 जागा जिंकून भाजपची सत्ता आली. फेब्रुवारी 2021 मध्ये महापौर निवडीच्या वेळी त्यांच्यातलेच काही नगरसेवक बाजूला गेले, आणि महापौर राष्ट्रवादीचा झाला. सत्ताधाऱ्यांचं बहुमत काठावरचं असेल, तर चार-पाच जणांचा गट सगळ्या सभागृहाएवढा होतो. हे मी आदर्श म्हणून सांगत नाही. मतदारानं ज्या चिन्हावर निवडून दिलं, त्याच्या विरोधात मत देणं ही मतदाराशी दगलबाजी आहे, मग ते कुणीही केलेलं असो. पण ताकद कुठून येते हे माहीत असायला हवं. तीच ताकद निवडीच्या आधी, पक्षाच्या बैठकीत, उघडपणे वापरता येते: "आमच्या प्रभागातल्या या मागणीवर निर्णय करा, मग आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत."

आणखी एक. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर 2022 पासून काही वर्षं प्रशासक राहिले. ज्या पायरीवरून खालचा कार्यकर्ता वर चढायचा, ती पायरीच गेली. त्या काळात विकास सोसायट्या, दूध संस्था आणि बाजार समित्या यांचं वजन वाढलं, आणि लहान गट तिथं टिकून राहिले.

कारखाना किंवा बँक हातात नसेल तर गट उभा राहतो का?

अवघड आहे, पण राहतो. कृष्णाकाठच्या राजकारणाचा इतिहास बघितला तर संस्था आणि गट एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. वसंतदादा पाटलांचा गट सांगलीच्या साखर कारखान्याभोवती वाढला, राजारामबापू पाटलांचा वाळव्यात साखराळ्याच्या कारखान्याभोवती. दादा-बापू संघर्षात दोन पिढ्या गेल्या, आणि आजही जुनी माणसं एखाद्या घराची ओळख सांगताना "ते दादा गटाचे" म्हणतात. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्यात तर पक्ष मागे पडतात आणि सहकार, रयत, संस्थापक अशी पॅनेलची नावंच पुढं असतात. कारखान्यात शेअर कितीही असोत, मत एका सभासदाला एकच. म्हणून दोन एकरवाल्या उसकऱ्यालाही विचारावं लागतं. सहकारातली ही तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते.

कारखान्याशिवाय वर आलेलं नाव म्हणजे अंजनीचे आर. आर. पाटील. 1979 मध्ये जिल्हा परिषदेवर, 1990 मध्ये तासगावातून विधानसभेवर, आणि पुढं उपमुख्यमंत्रिपदापर्यंत. हाताशी कारखाना नव्हता. गावोगावचा संपर्क आणि सभागृहातला अभ्यास होता. विधानसभेच्या सलग सहा निवडणुका त्यांनी जिंकल्या. संस्था नसलेल्या गटानं हा मार्ग बारकाईनं अभ्यासावा. त्यात वेळ फार जातो, आणि माणूस गेल्यावर गट सांभाळणं कठीण जातं, हेही तितकंच खरं.

इतिहासात लहान गटानं मोठ्या पक्षाची दिशा बदलली, असं खरंच झालंय का?

झालंय, आणि आपल्या मातीतही झालंय.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट काँग्रेस समाजवादी पक्षाची. 1934 मध्ये काँग्रेसच्या आतच हा गट उभा राहिला. त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात असलेल्या तरुणांच्या चर्चांतून पुढं आली. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, एसेम जोशी, ना. ग. गोरे ही माणसं काँग्रेसची सभासद राहूनच वेगळा कार्यक्रम मांडत होती. 1936 मध्ये नेहरू अध्यक्ष असताना जयप्रकाश, नरेंद्र देव आणि अच्युतराव असे तिघे कार्यकारिणीवर घेतले गेले. अवघ्या दोन वर्षांत. संख्या मोठी नव्हती. पण त्यांच्याकडं किसान सभा होत्या, कामगार संघटना होत्या, आणि शेतकऱ्यासाठी स्वराज्यात काय असेल या प्रश्नाचं लेखी उत्तर होतं. बाकीच्यांकडं ते नव्हतं, म्हणून मोठ्या पक्षाला त्यांच्याकडून ते घ्यावं लागलं. याच अच्युतरावांचं नाव पुढं भूमिगत काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारशी, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारशी, जोडलं गेलं.

दुसरं उदाहरण ब्राह्मणेतर चळवळीचं. सातारा हा तिचा बालेकिल्ला. 1930 च्या सुमारास केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये आले, आणि शहरी वकिलांचा वाटणारा पक्ष खेड्यातल्या शेतकऱ्याला आपला वाटू लागला. 1937 च्या निवडणुकीत सातारा जिल्ह्यातल्या तरुण कार्यकर्त्यांनी बोरगावच्या आत्माराम पाटलांसारख्या शेतकरी कुटुंबातल्या माणसाच्या उमेदवारीसाठी जोर लावला. त्या तरुणांत यशवंतराव चव्हाण होते, तेव्हा जेमतेम चोविशीत आलेले. उमेदवारी मिळाली, आत्माराम पाटील निवडूनही आले. पुढच्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राच्या काँग्रेसचा चेहरा कसा बदलला, हे त्या एका उमेदवारीच्या आग्रहात आधीच दिसतं.

1948 मध्ये काँग्रेसनं पक्षांतर्गत पक्ष चालणार नाहीत असा नियम केला. समाजवादी बाहेर पडले. शंकरराव मोरे, जेधे यांचा गटही शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) म्हणून वेगळा झाला. जेधे नंतर काँग्रेसमध्ये परतले. आत राहून त्यांनी जेवढं घडवलं, तेवढं बाहेर जाऊन घडवता आलं नाही, असं माझं मत आहे. शेकापच्या जुन्या कार्यकर्त्यांना ते पटणार नाही, याची कल्पना आहे.

गुपचूप काम केलं तर लवकर वजन वाढतं, असं म्हणतात. खरं आहे का?

लवकर वाढतं आणि मुळापासून उखडलं जातं. याच समाजवादी गटात 1936 नंतर कम्युनिस्टांना प्रवेश मिळाला. ते शिस्तीचे, मेहनती. पण त्यांची निष्ठा दुसऱ्या पक्षाशी होती. दक्षिणेतल्या शाखा त्यांच्या हाती गेल्या, आणि 1940 मध्ये हकालपट्टी झाली तेव्हा केरळची जवळजवळ सगळी शाखा त्यांच्यासोबत निघून गेली. पुढं जनता पक्षातही दुहेरी निष्ठेचाच वाद पेटला. जनसंघातून आलेल्यांनी संघाशी संबंध ठेवावा की नाही, यावरून 1979 मध्ये पक्ष फुटला आणि मोरारजी देसाईंचं सरकार पडलं.

तुमचा गट आहे हे तालुकाध्यक्षाला माहीत असू द्या. बैठक घेतली तर ती घेतली म्हणून सांगा. उघड गटाशी बोलणी करता येतात. लपलेल्या गटाचा संशय येतो, आणि संशय आला की खऱ्या मागणीकडंही कुणी पाहत नाही.

परदेशातही असं होतं का?

हो. ब्रिटनच्या मजूर पक्षात 2015 मध्ये नेतेपदाच्या निवडणुकीला उभं राहायला 35 खासदारांची शिफारस लागत होती. डाव्या गटाच्या जेरेमी कॉर्बिन यांना 36 मिळाल्या, त्यातल्या काहींनी तर निव्वळ चर्चा सर्वांगीण व्हावी म्हणून सही केली होती. पण आदल्या वर्षी नियम बदलून प्रत्येक सभासदाला एक मत दिलेलं होतं, आणि तीन पौंड भरून समर्थक म्हणून नोंदणी करता येत होती. कॉर्बिन 59 टक्क्यांहून जास्त मतं मिळवून जिंकले. नियम बदलला तेव्हा त्याकडं कोण लक्ष देऊन बसलं होतं, एवढंच यातून घ्यायचं.

एक तृतीयांश आमदार घेऊन फुटता येतं ना?

आता नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात ती सवलत होती. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं ती काढली. आता दोन तृतीयांश सदस्यांसह दुसऱ्या पक्षात विलीनीकरण, एवढाच बचाव उरला आहे. 1978 मध्ये हा कायदाच नव्हता, म्हणून शरद पवार 40 च्या आसपास आमदार घेऊन बाहेर पडले आणि वसंतदादांचं सरकार पडलं. सांगलीत ती जखम फार वर्षं ओली होती.

2022 च्या शिवसेनेच्या फुटीनंतर काय झालं, हे प्रत्येक कार्यकर्त्यानं समजून घ्यावं. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. पक्षाची सुधारित घटना लोकशाही स्वरूपाची नाही, म्हणून तिच्या आधारे निर्णय करता येत नाही, असं म्हणत आयोगानं आमदार-खासदारांचं बहुमत मोजलं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र सांगितलं की व्हिप (सभागृहात कसं मत द्यायचं याचा आदेश काढणारा) आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्याच्या आमदारांच्या गटाचा, नाही. दोन्ही एकत्र वाचा. ज्या पक्षात खालपासून खऱ्या निवडणुका होतात आणि त्यांचे कागद नीट असतात, तिथं सामान्य सभासदाचं मत मोजायला जागा राहते. कागदच नसले तर मोजायला फक्त आमदार उरतात. अंतर्गत निवडणुकीची मागणी मी सारखी का लावून धरतो, त्याचं कारण हे.

आमची जागा मित्रपक्षाला सुटली. अपक्ष लढावं का?

2024 मध्ये सांगली लोकसभेची जागा आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाकडं गेली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष लढले, जिंकले, आणि नंतर काँग्रेसला पाठिंबा दिला. जिल्ह्यातल्या संघटनेचं म्हणणं वरच्यांनी ऐकलं नव्हतं. मतदारांनी ते ऐकवलं. पण त्या विजयामागं कित्येक दशकांचं घराणं होतं, संस्था होत्या, गावोगाव माणसं होती. ते पाहून पंचवीस जणांच्या गटानं बंडाचा अर्ज भरू नये. पडलात तर पक्ष सहा वर्षांसाठी काढतो आणि गट विखुरतो.

महिलांचा गट पक्षात कसा पुढं येईल?

महिला आघाडीच्या चौकटीत अडकू नका. मुख्य कार्यकारिणीत जागा मागा, तिकीट ठरवणाऱ्या समितीत मागा. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. उमेदवार तुमच्यातूनच द्यावे लागतात, तेव्हा नावं ठरतात त्या खोलीत तुम्ही का नाही, हा प्रश्न बैठकीत उभं राहून विचारा. कुणाच्या वहिनी किंवा सूनबाई म्हणून नव्हे, बचत गटाचा आणि बूथचा हिशोब हातात घेऊन.

नेत्यांचं मनोमिलन झालं की आमचं काय?

साताऱ्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नगरपालिकेत सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडी कधी आमनेसामने, कधी एकत्र. उदयनराजे आणि शिवेंद्रसिंहराजे या दोन्ही राजांचं जुळलं की पेठापेठांत एकमेकांशी बोलणं सोडलेल्या कार्यकर्त्यांनी एका स्टेजवर यायचं. यात मन दुखावतं ते खालच्या माणसाचं, आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

यावर उपाय एकच: गटाची मागणी लेखी असू द्या आणि ती नेत्याच्या तडजोडीत घालायला लावा. आणि शेजाऱ्याशी भांडण करू नका. नेते बदलतात, बांध तोच राहतो.

कारणे दाखवा नोटीस आली तर?

घाबरू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. कोणत्या कलमाखाली नोटीस आहे ते आधी पाहा; बऱ्याचदा कलमच लिहिलेलं नसतं, तसं असेल तर उत्तरात ते नम्रपणे विचारा. पत्रकार परिषद घेऊ नका. गटातल्या सगळ्यांच्या सह्या एकाच उत्तरावर असू द्या, म्हणजे एकेकाला वेगळं काढता येत नाही.

पक्षाच्या बैठकीत वेगळं मत मांडलं म्हणून पक्षांतरबंदी लागत नाही. व्हिप सभागृहातल्या मतदानासाठी असतो. मात्र गटात नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य असतील, तर त्यांना 1986 चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा लागू आहे. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी वकिलाकडून व्हिपचा कागद तपासून घ्यावा: सही कुणाची आहे, आणि तो हातात कधी मिळाला.